आधी व्होल्ट जुळवा, मग डॅक जोखा

डॅक म्हणजे सीडीतल्या किंवा फाइलमधल्या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला कळेल असा विजेचा संकेत करणारं यंत्र. तो बदलल्यावर आवाज ‘खुलला’, ‘पडदा बाजूला झाला’, ‘गायिका दोन पावलं पुढे आली’ असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते : दोन्हींचे व्होल्ट मोजले होते का? मोजलेले नसतात. मग पुढचं बोलणं चहाबरोबर संपतं, कारण न मोजता दोन डॅकची तुलना करणं म्हणजे दोन मुलांना वेगवेगळ्या उंचीच्या स्टुलांवर उभं करून उंच कोण ते ठरवणं.

मी टेलिफोन खात्यातली. नोकरी सगळी ठाण्यात, एक्स्चेंजच्या ट्रान्समिशन विभागात. ‘आवाज बारीक येतो’ अशी तक्रार आली की आधी लाइनची पातळी डेसिबलमध्ये मोजायची आणि मगच तोंड उघडायचं, अशी तिथली शिस्त. आता निवृत्त आहे. नौपाड्याच्या फ्लॅटमध्ये एक जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि सीडींचं कपाट एवढा हाय-फायचा संसार आहे. ऐरोलीचा भाचा बोनस झाला की नवा डॅक घेतो आणि तो घेऊन माझ्याकडे येतो. त्याच्याशी वाद घालता घालता जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते. त्यासाठी महागडं काही लागत नाही : बरा मल्टिमीटर, तीन मोकळी इनपुट असलेला ॲम्प्लिफायर आणि बटणं दाबायला एक माणूस, शक्यतो कमी बोलणारा.

डॅकचं काम

टेलिफोन डिजिटल झाला तेव्हा आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक ८ बिटांचा, असं ठरलेलं होतं. एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट. त्यातून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. बोलणं कळायला तेवढा पुरतो, तानपुरा ऐकायला नाही. सीडीचं गणित तेच, आकडे मोठे : सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल, म्हणजे १,४११ किलोबिट. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून कमी वारंवारता असेल तर ती पूर्ण जशीच्या तशी उभी करता येते. त्यामुळे माणसाच्या कानाची २० किलोहर्ट्झची हद्द सीडीत मावते. जाहिरातीतल्या चित्रात असतात तशा पायऱ्या नेहमीच्या डॅकमधून बाहेर येत नाहीत. आतल्या फिल्टरमुळे सलग वळणच बाहेर पडतं.

१६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांच्यात साधारण ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. माझ्या खोलीत रात्री पंखा बंद करून फोनवरचं ॲप ३५च्या आसपास दाखवतं. फोनचं ॲप म्हणजे अंदाजच, पण इथे अंदाज पुरे. गाण्यातला सर्वांत चढा क्षण ९५ धरला तरी मला वापरायला मिळाले ६० डेसिबल. बाकीचे गोखले रोडवरच्या रिक्षांच्या हॉर्नखाली जातात.

तेव्हा आजचा बऱ्यापैकी बनवलेला डॅक, मग तो दोन हजारांचा का असेना, गोंगाट आणि विकृती या दोन्ही बाबतींत आपल्या खोलीच्या पुष्कळ पुढे असतो. फरक पडूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पडतो, कुठे पडतो ते पुढे सांगते. पण तो ऐकायचा तर आधी पातळीचा घोळ मिटवावा लागतो.

पातळीचा घोळ

सीडी प्लेअरमधून पूर्ण पातळीवर २ व्होल्ट यावेत असा जुना रिवाज. डॅकवाले तो सैलपणे पाळतात. कुणी २ देतो, कुणी २.२, कुणी २.५. दोन आणि अडीचमधला फरक १.९ डेसिबल होतो. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. कमी पातळीवर आपला कान खर्जाला आणि तार टोकाला मंद असतो. पातळी जराशी चढली की डग्गा भरतो आणि तानपुऱ्याची जवारी चमकते. श्रेय नव्या चिपला जातं. एक्सएलआर केबलने ‘बॅलन्स्ड’ जोडलं तर बहुतेक डॅक ४ व्होल्ट देतात, म्हणजे सरळ ६ डेसिबल जास्त. बॅलन्स्डची निम्मी कीर्ती या ६ डेसिबलवर उभी आहे असं माझं मत आहे. उलट फोनला लावायचा बोटभर डॅक, म्हणजे डोंगल, १ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून दुकानातल्या तुलनेत तो बिचारा पहिल्या सेकंदाला हरतो.

आता मीटर. बाजारात सर्वांत स्वस्त जो मल्टिमीटर मिळतो त्याची एसी व्होल्टची खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि दशांशानंतर एकच आकडा दिसतो. दोन व्होल्टवर ०.१ इकडेतिकडे झाला तर ०.४ डेसिबलची चूक होते. आपल्याला पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची आहे, म्हणजे व्होल्टमध्ये साधारण एक टक्का. म्हणून घेताना खोक्यावर एसीची सर्वांत खालची रेंज वाचा. ४ किंवा ६ व्होल्टची रेंज आणि तीन दशांश हवेत. बाकी तापमान, कपॅसिटर वगैरे सोयींवर पैसे घालवू नका.

चाचणीचा स्वर संगणकावरच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये फुकट तयार होतो. साइन, २०० हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड ०.२५, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, दोन मिनिटांची. २०० का? साधे मीटर मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि बहुतेक ४०० हर्ट्झपर्यंतच खरं बोलतात. ५० आणि १०० वर घरातल्या विजेची भुणभुण मोजणीत मिसळते. आपल्याला खरा आकडा नको, दोघांचा सारखा आकडा हवा, हे कबूल; तरी जिथे मीटर डगमगतो तिथे मोजायचं कशाला?

मोजायचं स्पीकरच्या टर्मिनलवर, स्पीकर जोडलेला असताना. मीटर एसी व्होल्टवर. मीटरच्या दोन सुया, म्हणजे प्रोब, एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकले तर ॲम्प्लिफायरचं आउटपुट जाऊ शकतं, आणि मग डॅकचा प्रश्नच उरत नाही. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत पहिल्या डॅकवर २.०० व्होल्ट येऊ द्या. ८ ओहमच्या स्पीकरला हा अर्धा वॉट होतो. एकसुरी भोंगा म्हणून शेजाऱ्यांना पुरेसा वाईट, स्पीकरला काही नाही. आता व्हॉल्यूमला हात न लावता दुसऱ्या इनपुटवर जा. समजा २.३१ आले. गुणोत्तर १.१५५, म्हणजे १.२५ डेसिबल. कॅल्क्युलेटरवर लॉग घेऊन २० ने गुणायचं, बस. दुसरा डॅक तेवढा खाली आणा आणि परत मोजा. २.०० आणि २.०२ इथपर्यंत आलं की थांबा. डावा-उजवा दोन्ही चॅनल तपासा. स्वस्त आणि महाग दोन्ही प्रकारच्या यंत्रांत चॅनलचा असमतोल निघतो आणि तो आवाज एका बाजूला सरकवतो.

खाली आणायचं कुठे? संगणकातून वाजवत असाल तर प्लेअरच्या व्हॉल्यूममध्ये. ‘बिट बदलले!’ म्हणून ओरडणारे भेटतील. २४ बिट आउटपुटमध्ये सव्वा डेसिबल कमी केल्याने जे हरवतं ते तुमच्या खोलीत कधी ऐकूच आलं नसतं. डॅकला स्वतःचा व्हॉल्यूम असेल तर तिथे करा. अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या असतील तर जवळात जवळची निवडा आणि उरलेला फरक वहीत लिहून ठेवा. ॲम्प्लिफायरची गोल कळ दर वेळी फिरवून जुळवायचा मोह टाळा, ती दोनदा एकाच जागी थांबत नाही.

बदल झटपट हवा

कान फार विसराळू आहे. एक केबल काढून दुसरी लावायला अर्धं मिनिट गेलं की मागच्या आवाजाची आठवण उरत नाही, मत उरतं. म्हणून दोन्ही डॅक एकाच वेळी वाजत हवेत आणि फक्त ॲम्प्लिफायरचं इनपुट बदलायला हवं.

याला माझ्याकडे जुना सीडी प्लेअर फार उपयोगी पडतो. त्याच्या मागे ऑप्टिकल (प्रकाशाने आकडे नेणारं) आणि कोएक्स (तारेने नेणारं) अशी दोन डिजिटल आउटपुट आहेत आणि दोन्ही एकदम चालू असतात. एक डॅक ऑप्टिकलवर, दुसरा कोएक्सवर, दोन्ही ॲम्प्लिफायरच्या दोन इनपुटांत. तेच गाणं, तोच क्षण, रिमोटच्या एका बटणावर. माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर पडला असेल तर त्याच्या मागे केशरी रंगाचा कोएक्स जॅक आहे का बघा, तोही चालेल. कोएक्सला ७५ ओहमची केबल घ्या, व्हिडिओसाठी मिळायची तीच. चांदीच्या केबलची गरज नाही.

संगणकाच्या यूएसबीवर दोन डॅक एकदम वाजवणं किचकट असतं. तिथे निदान एकच तुकडा, वीस सेकंदांचा, पुन्हा पुन्हा फिरता ठेवा.

डोळे बाजूला

भाचा म्हणाला, “मावशी, हा तर मी डोळे मिटून ओळखतो.”

“मग मीट,” म्हटलं.

बटणं दाबणारा माणूस तुमच्या मागे बसला पाहिजे. त्याने प्रत्येक वेळी नाणं उडवायचं : छापा आला तर पहिला डॅक, काटा आला तर दुसरा. निकाल त्याच्या कागदावर, तुमचा अंदाज तुमच्या कागदावर, मधे बोलणं नाही. इनपुट बदलताना ॲम्प्लिफायरमधली रिले, म्हणजे आतला विजेचा स्विच, ‘टक’ करते. नाण्याने तोच डॅक परत आला तर टक होणार नाही आणि तुम्हाला फुकटात उत्तर मिळेल. म्हणून प्रत्येक वेळी आधी तिसऱ्या रिकाम्या इनपुटवर जायचं, मग ठरलेल्यावर यायचं. डॅकवरचे दिवे रुमालाने झाका.

दहा फेऱ्या घ्या. नुसत्या नशिबाने पाच बरोबर येतात. सात बरोबर आले म्हणून नाचू नका. काहीही ऐकू न येणाऱ्या माणसालाही सात किंवा जास्त येण्याची शक्यता १०० त १७ आहे. आठ किंवा जास्तची साडेपाच, नऊ किंवा जास्तची एक. माझी रेघ नऊवर आहे. नऊ येत नसतील तर दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने परत, पण किती फेऱ्या घ्यायच्या ते आधी ठरवून. जिंकेपर्यंत खेळत राहणं ही चाचणी नव्हे.

भाच्याने त्या दिवशी पातळी जुळवण्याआधी डॅक अचूक ओळखला होता. जुळवल्यावर त्याचे अंदाज नाण्याच्याच रांगेत जाऊन बसले. त्याने मीटरच्या बॅटरीवर संशय घेतला, मी नवी घातली. फरक पडला नाही.

संगणकावर फाइलची फाइलशी तुलना करायची असेल तर फूबार २००० या फुकट प्लेअरला एबीएक्स नावाची जोड मिळते. ती नाणं स्वतः उडवते आणि हिशेबही ठेवते. हाय-रेझोल्यूशनचा सोक्षमोक्ष तिथेच लावा : २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल घ्या, तिची १६ बिट ४४.१ची प्रत डिदरसकट (बिट कमी करताना मुद्दाम मिसळायचा बारीक गोंगाट) बनवा, आणि ती प्रत परत ९६ वर चढवून मूळ फाइलसमोर ठेवा. परत चढवायची कारण दर बदलला की बरेच डॅक क्षणभर गप्प होतात किंवा टिचकी मारतात, आणि कान त्या टिचकीवरच निकाल देतो.

काय वाजवायचं

विक्रेता वाजवतो ते वाजवू नका. तुमच्या कानात मुरलेलं वाजवा. माझी यादी छोटी आहे. तानपुरा एकटा, निदान मिनिटभर : जवारीतले वरचे स्वर सलग ऐकू येतात की वाळूसारखे कुरकुरतात? तबल्याची चाट. आणि भजनातले टाळ-चिपळ्या. दाबलेल्या फाइलसाठी यांच्यासारखी कसोटी नाही. एमपी३ किंवा ब्लूटूथचं कोडिंग कमी दराचं असेल तर टाळाच्या ठोक्याच्या आधीच बारीकशी फुसफुस येते आणि मागचा झणकार ओला होऊन विरतो. एकदा ओळखायला आली की ती चुकत नाही.

‘प्रत्यक्ष ऐकल्यासारखं’ ही मोजपट्टी जपून वापरा. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ऐकलेला तबला माइकमधून, मिक्सरमधून आणि सभागृहाच्या स्पीकरमधून आलेला असतो. कानाला खरा संदर्भ द्यायचा तर माइकशिवायची बैठक, किंवा एकादशीला देवळात बसलेलं भजनी मंडळ.

आणि एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या घेऊन डॅक किंवा स्रोत जोखू नका. जुन्या मराठी आणि हिंदी गाण्यांच्या किती तरी प्रती बाजारात आहेत : मूळ टेपवरून केलेली, नंतर खरखर पुसताना वरचे स्वरही पुसून टाकलेली, पातळी चढवून सपाट केलेली, नवा ठेका जोडलेली. ‘सीडी स्ट्रीमिंगपेक्षा गोड वाजते’ यातला गोडवा बहुतेक वेळा प्रतीचा असतो, चकतीचा नाही. म्हणूनच मी सीडी टाकून देत नाही. माझ्याकडच्या काही प्रती स्ट्रीमिंगवर मिळतच नाहीत. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय चालू असते, तुलनेच्या वेळी ती बंद करा. नाहीतर ॲप तुमच्या नकळत पातळी बदलतं.

स्रोत : खरी पडझड इथे होते

भाच्याच्या डॅकवर छोटा पडदा आहे, त्यावर येणारा दर दिसतो. तो पडदा हाच डॅकचा सर्वांत कामाचा भाग, असं मी त्याला सांगितलं आणि तो चिडला. पण खरंच. सीडीच्या दराची फाइल वाजत असताना पडद्यावर ४८ दिसलं, तर वाटेत कुणीतरी आकडे बदललेले आहेत.

विंडोजमध्ये सगळ्या आवाजांचं मिश्रण एकाच ठरलेल्या दरावर होतं. ते टाळायला प्लेअरमध्ये ‘वसापी एक्सक्लुझिव्ह’ निवडा, मग डॅक फक्त त्या प्लेअरचा होतो आणि मेलची घंटीही गाण्यात येत नाही. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जाऊन दर बघा. अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा यूएसबीवरही सगळं ४८ वर नेतो. स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं प्लेअर ॲप वापरलं की ते थांबतं, आणि अँड्रॉइड १४ पासून ॲपने मागितलं आणि फोनने साथ दिली तर आकडे न बदलता बाहेर जाऊ शकतात. ४४.१ चं ४८ केल्याने आवाजाचा सत्यानाश होतो असं नाही, चांगल्या पद्धतीने केलं तर ऐकूही येत नाही. पण दोन स्रोतांची तुलना करताना एकाने आकडे बदललेले आणि दुसऱ्याने नाही, असं असू नये.

ब्लूटूथ वेगळी जात. तिथे आवाज दाबूनच जातो. एलडॅक हा कोडेक, म्हणजे आवाज दाबण्याची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो खरा, पण हवेत गर्दी झाली की ६६० वर आणि ३३० वर उतरतो. घणसोली-कोपरखैरण्याच्या किंवा घोडबंदरच्या टॉवरमध्ये एका भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा वायफाय, खाली दुसरा, वर तिसरा. तिथे ९९० टिकेलच असं धरून चालू नका. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता दाबलेलं, दिलं, तेही ब्लूटूथवर ऐकलं तर लॉसलेस राहत नाही. आणि सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं; लॉसलेस ऐकतो म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं बंदच असतं.

टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट सोयीचं, पण ते बहुतेक ४८ वरच चालतं आणि टीव्ही वाटेत स्वतःचे ‘सराउंड’, ‘क्लिअर व्हॉइस’ मिसळतो. ते सगळं बंद करून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेले आकडे, निवडा. बातम्यांना पुरे. क्रोमकास्ट ऑडिओ हे वायफायवरून गाणी वाजवणारं छोटं यंत्र छान होतं, त्याच्या त्याच ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून ऑप्टिकलही निघायचं आणि २४ बिट ९६ पर्यंत जायचं. २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. वापरलेलं मिळतं, पण ज्या यंत्राचं चालणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून त्याला मी फार पैसे देणार नाही. त्यापेक्षा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर व्हॉल्युमिओ किंवा मूड हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, आणि यूएसबीने डॅक : एक संध्याकाळ खर्च होते, नंतर वर्षानुवर्षं विचारत नाही.

आकडे खरंच न बदलता पोचतात का याची एक जुनी युक्ती आहे. घरात होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर असेल तर डीटीएस सीडी (सराउंड आवाज सांकेतिक आकड्यांत भरलेली) किंवा तिची वेव्ह फाइल स्रोतातून डिजिटल केबलने रिसीव्हरला द्या. रिसीव्हरवर ‘डीटीएस’ लागलं तर वाट स्वच्छ. एक डेसिबल जरी वाटेत कमी झाला किंवा दर बदलला तरी नुसता खरखराट येतो. आधी व्हॉल्यूम अगदी खाली ठेवा. हा खरखराट पूर्ण पातळीवर येतो आणि ट्विटरला, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरला, तो सहन होत नाही.

सीडी संगणकावर उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरा. ते तुमच्या प्रतीची बेरीज ॲक्युरेटरिपच्या साठ्यातल्या इतरांच्या प्रतींशी ताडून बघतं. जुळली की ती फाइल आणि ती सीडी एकच आहे, आणि एकाच डॅकमधून ती वेगळी वाजण्याचं कारण उरत नाही. अपवाद एक : ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर ‘प्री-एम्फसिस’ असतो, म्हणजे ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुद्दाम चढवलेले. सीडी प्लेअर खूण बघून ते उतरवतो. फाइलमध्ये खूण हरवली तर तेच गाणं टोचायला लागतं. सीडी मऊ, फाइल कर्कश, असं एकाच चकतीबाबत वाटलं तर आधी हे तपासा.

भुणभुण

डॅक बदलल्यावर ‘पार्श्वभूमी काळीभोर झाली’ असं वाटलं तर बऱ्याचदा आधी भुणभुण होती असा अर्थ. लॅपटॉप यूएसबीने जोडलेला असताना चार्जर काढून बघा. किर्र आवाज गेला तर दोष डॅकचा नाही, चार्जर आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. दोघांना एकाच पट्टीतून वीज द्या. नाही गेला तर ऑप्टिकलने जोडा, काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज जात नाही. केबल टीव्हीची तार सेट-टॉप बॉक्समधून ॲम्प्लिफायरपर्यंत पोचत असेल तर ती काढून बघा; आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या भुणभुणीचं मूळ तीच असते. काहीही झालं तरी प्लगची अर्थची पिन काढायची नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगच नसेल तर आधी वायरमन, मग डॅक.

खरा फरक कुठे ऐकू येतो

‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’ डॅक. जुन्या फिलिप्स टीडीए१५४३ सारख्या चिपवर बनवलेले, फिल्टर नसलेले. यांत १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० ला ३ डेसिबलहून जास्त घसरण असते, ती गणितातूनच येते. ‘ॲनालॉग ऊब’ म्हणतात ती बरीचशी हीच. आवडली तर घ्या, पण टोन कंट्रोलची कळ किंचित डावीकडे फिरवून आधी बघा. माझ्या कानाला १२ किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, त्यामुळे मला हे डॅक फारसे वेगळे लागत नाहीत, भाच्याला लागतात. स्वतःचा कान कुठे संपतो तेही ऑडॅसिटीच्या स्वराने बघून घ्या, फिल्टरच्या पर्यायांवर तासन् तास घालवण्याआधी. आवाज मात्र बेताचा ठेवा. ऐकू येत नाही म्हणून चढवत गेलात तर ट्विटर जळतो.

पातळी ठासून भरलेली नवी गाणी. यांत नमुन्यांच्या मधलं वळण पूर्ण पातळीच्या वर जातं आणि ज्या डॅकमध्ये वरती जागा ठेवलेली नाही तो तिथे चिरकतो. प्लेअरमध्ये ३ डेसिबल उतरवून ऐका. कर्कशपणा गेला तर उपाय फुकट मिळाला.

हेडफोन. डॅकच्या हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स (ओहममध्ये मोजायचा विजेचा अडथळा) हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. १६ ओहमचे इअरफोन आणि १० ओहमचा जॅक अशी जोडी असेल तर आवाजाचा तोलच बदलू शकतो, आणि तो फरक आंधळ्या चाचणीतही सहज पकडता येतो.

जिटर (नमुन्यांच्या वेळेतली बारीक थरथर), यूएसबी ‘शुद्ध’ करणाऱ्या डब्या, डॅकखालचे पितळी पाय : पातळी जुळवून, नाणं उडवून नऊ आणा, मग चहाला या.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. खाडीकाठच्या दमट हवेत आरसीएचे जॅक (यंत्रांमागचे लाल-पांढरे गोल) काळे पडतात आणि एक चॅनल कमी येतो किंवा खरखरतो. गणपतीच्या आधी सगळे जॅक दोन-तीनदा काढघाल करावेत, कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावेत. सीडी प्लेअर अडखळत असेल तर लेन्सही त्याच अल्कोहोलने, अगदी हलक्या हाताने. यंत्र बंद, प्लग काढलेला.

नवा डॅक घेताना दुकानदाराला परत घेण्याची मुदत विचारून पावतीवर लिहून घ्या आणि चाचणी त्या मुदतीच्या पहिल्याच शनिवार-रविवारी लावा. खोका फाडू नका.